हरळीवरचं जयपूर

संपादकांच्या पत्रात विषय एका ओळीत दिला होता : 'पायाखालची जमीन'. शेती, धरणं, विस्थापन यांवर माझ्याहून अधिकाराने लिहिणारी माणसं या अंकात असतीलच. माझ्या पायांना जमीन कळली ती गोल्फमुळे, तेव्हा मी त्याबद्दलच लिहिणार.

या खेळात मापं ठरलेली आहेत ती लहान वस्तूंची. चेंडू 42.67 मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही आणि 45.93 ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. ज्या भोकात तो घालवायचा त्याचा व्यास 108 मिलिमीटर. पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे फटका मारायच्या काठ्या. मैदान केवढं असावं, कुठे वळावं, वाटेत तळं असावं की टेकडी, हे मात्र त्या त्या गावच्या जमिनीवर सोडलेलं आहे. क्रिकेटची खेळपट्टी नागपुरात आणि लॉर्ड्सवर 22 यार्डांचीच असते. गोल्फमध्ये एका गावचं मैदान दुसऱ्या गावच्या मैदानासारखं कधीच नसतं, त्यामुळे इतकी वर्षं खेळूनही नव्या गावी गेलं की मी पहिल्या दिवशी विद्यार्थिनीच असते.

माझे वडील सैन्यात होते. छावणीच्या गावात मी खेळायला शिकले तेव्हा तिथे हिरवळ नव्हतीच. फेअरवे, म्हणजे भोकाकडे नेणारा पट्टा, हा मुरमाड माळ, आणि भोकाभोवतीची जागा, जिला एरवी 'ग्रीन' म्हणतात, ती तेल कालवलेली वाळू. तिला 'ब्राउन' म्हणत. वाऱ्याने वाळू उडू नये म्हणून जुनं इंजिन ऑइल ओतायचं, आणि प्रत्येकाचा खेळ झाला की पुढच्यासाठी ती पोत्याने ओढून सारखी करायची. पाण्याचं दुर्भिक्ष असलेल्या मुलखातला तो सरळ उपाय होता. म्हणूनच जयपूरला जाताना माझ्या मनात प्रश्न एकच होता : कोरड्या मुलखात हिरवं मैदान कसं जगतं, आणि ते कोण जगवतं?

भवानीसिंग रोडवर

रामबाग गोल्फ क्लब शहराच्या मधोमध आहे. एका बाजूला रामबाग पॅलेस, जवळच पोलोचं मैदान, पलीकडे सेंट्रल पार्क आणि सवाई मानसिंग स्टेडियम. गेल्या हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमाराला मी पहिल्या टीवर, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो तिथे, पोचले तेव्हा पोलोच्या बाजूने घोडे फिरवून आणल्याच्या टापा ऐकू येत होत्या आणि सेंट्रल पार्कमध्ये फिरायला आलेल्यांची वर्दळ सुरू झाली होती. थंडी चांगलीच होती. जानेवारीत जयपूरचं पहाटेचं तापमान सात-आठ अंशांपर्यंत उतरतं.

रामबागची कथा राजस्थानच्या इतर महालांसारखी लढाईची नाही. 1835च्या सुमाराला राणीच्या दासीसाठी बांधलेलं हे बागेतलं घर. पुढे ते शिकारीला जाताना उतरायची जागा झालं, सॅम्युअल स्विंटन जेकब या इंजिनिअरच्या देखरेखीखाली वाढलं आणि दुसऱ्या सवाई मानसिंगांनी त्याला आपलं राहतं घर केलं. मानसिंग हाडाचे पोलो खेळाडू. 1933 साली इंग्लंडमध्ये त्यांच्या संघाने हंगामातल्या सगळ्या मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या, आणि 1970 साली तिथेच सायरनसेस्टरला पोलो खेळताना त्यांचा अंत झाला. 1957 साली त्यांनी या राजवाड्याचं हॉटेल केलं. संस्थानं गेल्यावर राजवाड्यांचं काय करायचं या प्रश्नाचं एक धीट उत्तर जयपूरने दिलं.

पर्यटक येतात ते राजवाडा बघायला. मैदानावर उतरल्यावर मात्र तो विसरावा. रामबागचा पार 70 आहे. पार म्हणजे चांगल्या खेळाडूला अठरा भोकं पुरी करायला जेवढे फटके लागायला हवेत तो आकडा. मोठ्या मैदानांवर तो सहसा 72 असतो. 70 म्हटलं की लांबलचक भोकं कमी आणि मैदान आखूड, असं खुशाल समजावं. व्यावसायिक खेळाडू आज चेंडू तीनशे यार्ड सहज मारतात. त्यांना तोंड द्यायला जगभरची मैदानं लांब-लांब होत चालली आहेत. शहराच्या पोटातलं मैदान वाढणार कुठे? म्हणून भारतीय व्यावसायिक टूरची जयपूर ओपन इथे होते तेव्हा धावफलकावर पारच्या खूप खाली गेलेले आकडे दिसतात.

त्यावरून मैदान सोपं आहे असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. आखूड मैदान ताकदीपेक्षा निवड तपासतं. इथे दर भोकाला ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, काढायचा मोह होतो आणि झाडांची रांग त्या मोहाची किंमत वसूल करते. मी पहिल्या नऊ भोकांत तो फार थोड्या वेळा बाहेर काढला. अर्धा-पाऊणच फटका मारून मोकळ्या जागी थांबावं आणि तिथून ग्रीनच्या योग्य अंगाला चेंडू टाकावा, असा हा खेळ आहे. ज्यांना गोल्फ म्हणजे लांब मारणं वाटतं त्यांनी इथे एकदा यावं.

दूर्वांचंच कूळ

जयपूरपासून दूर न जाता गोल्फचं वनस्पतिशास्त्र समजून घ्यायचं असेल तर मोती डूंगरीच्या गणपतीला जावं. हे मंदिर मैदानापासून लांब नाही. टेकडीवर स्कॉटिश किल्ल्याच्या धर्तीवर बांधलेला छोटा महाल आहे आणि पायथ्याशी गणेश. बुधवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. नवी मोटार, नवी स्कूटर आधी इथे येते, मग घरी जाते. देवापुढे दूर्वांच्या जुड्या असतात.

ती दूर्वा, म्हणजे आपल्या शेतकऱ्याला नकोशी झालेली हरळी, आणि गोल्फच्या मैदानावरचं बर्म्युडा गवत हे एकाच कुळातलं, एकाच जातीतलं आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात या हरळीचे आफ्रिकेतल्या बहिणीशी संकर झाले, आणि त्यातून निघालेल्या 'टिफ' नावाच्या वाणांवर उष्ण देशांतलं गोल्फ उभं आहे. हरळी आडवी पसरते, तुडवली तरी उठते, जमिनीखालच्या कांड्यांतून पुन्हा फुटते, कापली तितकी दाट होते. ग्रीनवर ती 3-4 मिलिमीटरवर कापलेली असते. एवढं आखूड कापल्यावर आपली बहुतेक गवतं मरतील.

तिचा एक गुण मात्र हिवाळ्यात अडचणीचा होतो. थंडी पडली की हरळी झोपते. जानेवारीत मी खेळले तेव्हा फेअरवे गव्हाळ झाले होते. अशा जमिनीवर चेंडू टणक उसळतो आणि पुढे पळतो, म्हणून ग्रीनवर थेट टाकण्याऐवजी अलीकडे टाकून पळू द्यावा. स्कॉटलंडच्या किनारी मैदानांवर असाच खेळ चालतो. पावसाळ्यानंतर याल तर हेच मैदान मऊ आणि गर्द असेल, आणि सगळा हिशेब उलटा करावा लागेल.

एका भोकाजवळ दोन माळणी उकिडव्या बसून खुरपीने लव्हाळा काढत होत्या. लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहिली तर आठवड्यात परत उगवतो, म्हणून नुसतं उपटून भागत नाही, बोटभर खोल खणून गाठ काढावी लागते. एकीने ती काढलेली गाठ मला तळहातावर घेऊन दाखवली. काळी, हरभऱ्याएवढी. औषध मारूनही लव्हाळा जातो, पण ग्रीनच्या कडेला तिला औषधाचा भरवसा वाटत नाही. "हाथ से निकाला तो निकल गया," ती म्हणाली. गेली अनेक वर्षं ती हेच काम करते आहे. कुठल्या भोकाशेजारी पावसाचं पाणी तुंबतं आणि कुठल्या झाडाच्या सावलीत गवत विरळ होतं, हे तिला पाठ आहे.

भोक रोज फिरतं

गोल्फ न खेळणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतं की ग्रीनवरचं भोक एका जागी राहत नाही. ते एकाच ठिकाणी राहिलं तर भोवतालचं गवत पावलांनी झिजून जाईल. म्हणून माळी पहाटे ते दुसरीकडे नेतो.

सातव्या ग्रीनवर मला ते जवळून बघायला मिळालं. माळ्याच्या हातात दोन मुठींचं पोलादी नळकांडं होतं. त्याने ग्रीनवर दोन फेऱ्या मारल्या, बुटाच्या टाचेने एक जागा दाबून बघितली, नापसंत केली, हातभर सरकला. मग नळकांडं उभं धरून डावी-उजवीकडे पिळत आत घातलं आणि वर ओढलं तेव्हा त्यात मातीचा सबंध ठोकळा आला, वर हिरवं गवत आणि खाली वाळू. नव्या भोकात कप बसवला. कपाची कड जमिनीखाली किमान इंचभर असावी लागते, नाहीतर चेंडू तिच्यावर आपटून बाहेर येतो. मग तो ठोकळा त्याने जुन्या भोकात बसवला, कडा बोटांनी चिमटून जोडल्या, पायाने दाबला आणि बाटलीतलं पाणी वर ओतलं. दोन दिवसांनी जोड ओळखू येणार नाही.

जागा का नापसंत केली, असं मी विचारलं. उतार जास्त होता, चेंडू थांबला नसता, असं तो म्हणाला. खेळाडूचा दिवस कठीण जाणार की सोपा, हे त्याच्या टाचेने ठरवलं होतं.

आगेवाला आणि कॅडी

भारतात सहसा गोल्फ एकट्याने खेळता येत नाही. पिशवी उचलणारा कॅडी असतो, आणि कित्येक क्लबांत पुढे उभा राहून चेंडू कुठे पडला ते बघणारा 'आगेवाला' असतो. 2019पासून नियमाप्रमाणे हरवलेला चेंडू शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, त्यामुळे आगेवाल्याची किंमत वाढली आहे. चेंडू झाडीत शिरला तर तो हाताच्या खुणेने सांगतो : तळवा खाली म्हणजे सापडला, दोन्ही हात आडवे म्हणजे नाद सोडा. मोराने किंवा कुत्र्याने चेंडू हलवला तर साक्षीदारही तोच. नियमात अशा वेळी दंड नाही, चेंडू मूळ जागी ठेवायचा असतो. पण ती मूळ जागा सांगणार कोण?

माझ्याबरोबरचा कॅडी चाळिशीचा होता. वडीलही इथेच कॅडी. चार भोकं होईपर्यंत तो अंतराखेरीज काही बोलला नाही, माझा फटका बघत राहिला. पाचव्या ग्रीनवर चेंडू भोकापासून पंधरा फुटांवर थांबला. माझ्या डोळ्यांना उतार उजवीकडे दिसत होता. तो भोकापाशी जाऊन वाकला आणि भोकाच्या कडेवर बोट ठेवलं. "मॅडम, ये देखिए." कडेची एक बाजू धारदार होती, दुसरी किंचित कुरतडलेली आणि तपकिरी. ज्या दिशेला हरळीचे धुमारे वाढतात त्या दिशेची कड आधी सुकते, कारण तिथल्या पात्यांची मुळं कापली गेलेली असतात. म्हणजे गवत डावीकडे झुकलेलं होतं, आणि ते उजवीकडचा उतार खाऊन टाकणार होतं. "सीधा. कप के अंदर," तो म्हणाला. मी सरळ मारला. चेंडू शेवटच्या दोन फुटांत उजवीकडे वळू बघत होता, पण वळला नाही आणि मधोमध पडला.

पुस्तकं वाचून आणि पुण्यात शिकवण्या घेऊन मला ग्रेन, म्हणजे गवताचा कल, माहीत होता. तो भोकाच्या कडेवर वाचता येतो हे असं बोट ठेवून कोणी दाखवलं नव्हतं.

ही विद्या जाणणाऱ्या माणसाची अवस्था काय असते, हेही सांगायला हवं. बहुतेक भारतीय क्लबांत कॅडी हा क्लबचा पगारी नोकर नसतो. तो क्रमांकाने, पाळीने येतो. खेळणारा आला तर पैसे, नाही आला तर नाही. पाऊस पडला, स्पर्धेसाठी मैदान बंद झालं, मे महिन्यात चाळिशीपार ऊन गेलं, की पाळी रिकामी. भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. आणि तरीही भारतीय गोल्फचा इतिहास याच माणसांनी बदलला. इंडियन ओपन 1964 साली सुरू झाली, ती ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने जिंकली. दुसऱ्याच वर्षी बिल्लू सेठी या हौशी खेळाडूने ती आपल्याकडे आणली. पण भारतीय व्यावसायिकाला ती जिंकायला 1991 उजाडावं लागलं, आणि तो होता अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला. 1993 साली त्याने ती पुन्हा जिंकली. एस. एस. पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात ग्रीनची निगा राखायचे. मुलाने 2008 साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली आणि 2016, 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन.

बऱ्याच क्लबांत सोमवारी मैदान निगराणीसाठी बंद असतं आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. अली शेरसारखे खेळाडू अशाच फटींतून वर आले. त्या फटीचं दार करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

कलकत्त्याचं पाणी, दिल्लीची थडगी

जयपूरची चव कळायला दोन मैदानांशी ताडून बघावं. रॉयल कलकत्ता हा क्लब 1829चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यांत जुना. तिथली जमीन सपाट, बंगालची. डोंगर नाही, वाळू नाही, म्हणून पाणीच आडवं घातलेलं आहे. जिकडे बघावं तिकडे तळं. तिथे फटका मारताना चेंडूच्या आवाजानंतर मी क्षणभर पाण्याच्या आवाजाची वाट बघते.

दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर फेअरवे इतके अरुंद आणि दोन्हीकडची काटेरी झुडपं इतकी दाट की आत गेलेला चेंडू काढायला जाऊ नये. मध्ये मोगल काळातली थडगी. इतिहासाच्या इतक्या जवळून खेळताना मनावर दडपण येतं, आणि ते मला आवडतं. भारतातलं माझं सगळ्यांत लाडकं मैदान हेच. 1982च्या एशियाडमध्ये गोल्फ पहिल्यांदा आलं ते इथे, आणि लक्ष्मण सिंगने सुवर्णपदक मिळवलं.

जयपूर या दोघांहून साधं आहे. त्याच्याकडे तळ्यांचा धाक नाही, थडग्यांचं वजन नाही. आहे तो जमिनीचा पोत, हवा आणि गवताचा कल. अशा मैदानावर चूक झाली तर दोष द्यायला दुसरं काही सापडत नाही.

पाणी कुठून?

1982च्याच एशियाडमधल्या नौकानयनाच्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झाल्या होत्या. अनेक दशकं शहराची तहान भागवणारा हा तलाव पुढे कोरडा पडला. पाणलोटात अतिक्रमणं झाली, वरच्या ओढ्या-नाल्यांवर ठिकठिकाणी बांध पडले, आणि बाणगंगेचं पाणी तलावापर्यंत पोचेना. आज जयपूर टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणाचं, बनास नदीचं पाणी पितं. वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जुलै-ऑगस्टात. भूजल खोल खोल चाललेलं. शर्यतीच्या होड्या जिथे धावल्या तिथे आता जमीन आहे. अशा शहरात गोल्फला पाणी द्यावं का, हा प्रश्न खेळणाऱ्यांनीच आधी विचारला पाहिजे.

माझं उत्तर : पिण्याजोगं पाणी थेंबभरही देऊ नये, आणि सांडपाणी शुद्ध करून हवं तेवढं द्यावं. हे अवघड नाही. जयपूरने जलमहालाच्या मानसागर तलावासाठी ब्रह्मपुरीच्या केंद्रातून शुद्ध केलेलं सांडपाणी वापरलेलं आहे. पर्यटक त्याच पाण्यापुढे फोटो काढतात. अशा पाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, त्यामुळे खतही कमी लागतं. अडचण येते क्षारांची. क्षार मुळांशी साचतात आणि गवत पिवळं पडतं. पण हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते, वाळू मिसळलेल्या जमिनीतून पाणी झिरपतं आणि पावसाळ्यात दोन-चार दणकून सरी आल्या की साचलेलं मीठ खाली धुऊन जातं. शिवाय अठरा भोकांचं सगळं मैदान भिजवायची गरजच नसते. ग्रीन, टी आणि फेअरवेचा चेंडू पडण्याचा पट्टा एवढं भिजवलं, आणि बाकीच्या जागेत खेजडी, रोहिडा, कडुनिंब अशी इथली झाडं वाढू दिली, तर मैदान कोरड्या मुलखाला शोभेल. हिवाळ्यात गव्हाळ झालेला फेअरवे मला म्हणूनच आवडला. टीव्हीवरच्या अमेरिकी हिरव्या रंगाचा हट्ट आपण सोडायला हवा.

कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे

शेवटची भोकं खेळताना सेंट्रल पार्कमधली, कुंपणापलीकडेच फिरणारी माणसं मनात होती. स्कॉटलंडचं सेंट अँड्र्यूज हे गोल्फचं माहेर. 1764 साली तिथे 22 भोकांची अठरा झाली आणि जगाने तोच आकडा उचलला. त्याच सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे, आणि रविवारी तिथे गोल्फ बंद असतं. गावातले लोक कुत्री घेऊन, मुलं घेऊन फेअरवेवर फिरतात. आपण तिथला खेळ घेतला, अठरा भोकं घेतली, ब्लेझर घेतला, आणि हा रविवार तेवढा विसरलो.

आपल्याकडे मोकळी मैदानं अगदी नाहीत असं नाही. दिल्लीत कुतुबजवळ विकास प्राधिकरणाचं सार्वजनिक मैदान आहे. नवी मुंबईत खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचं आहे. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी आणि पुण्याचा उदयन माने हे दोघेही टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले, त्याला आता बरीच वर्षं होतील. तरी मराठी घरांत गोल्फ अजून परका आहे, कारण मैदान बघायलाच मिळत नाही. नाशिककर ज्याला आजही गोल्फ क्लब मैदान म्हणतात त्या अनंत कान्हेरे मैदानावर आता क्रिकेट चालतं. निदान ते सगळ्यांना खुलं तरी आहे.

जयपूरला जाणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च या काळात जा, क्लबकडे पाहुण्यांच्या वेळा आधी विचारा, पिशवी हलकी ठेवा आणि पहिल्या ग्रीनपासून कॅडीचं ऐका. आणि आपल्याकडच्या कुठल्या क्लबाचे सभासद असाल, तर पुढच्या वार्षिक सभेत दोन प्रश्न विचारा : आपलं मैदान कोणत्या पाण्यावर जगतं, आणि आपल्या कॅडींना आठवड्यातून किती दिवस खेळू देतो? उत्तरं तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या.